भूस्खलन व मृदेचे गुणधर्म

डोंगरउतारावरील माती, मुरूम वा खडकांचे तुकडे गुरुत्वाकर्षणाने खाली सरकणे म्हणजे भूस्खलन. त्यात पाणी मिसळून सगळा रेंदा ओढ्यासारखा वाहू लागला, की त्यास पंकप्रवाह म्हणतात. बोलीभाषेत दोन्हींना ‘दरड कोसळणे’ असेच म्हणतात. परंतु कड्यावरून धोंडा सुटणे हा खडकातील सांध्यांचा (नैसर्गिक भेगांचा) प्रश्न आहे; माळीण (ता. आंबेगाव, जि. पुणे) येथे ३० जुलै २०१४ रोजी दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली ती उतारावरची माती वाहून आल्यामुळे.

उतारावर माती टिकते ती कणांमधील घर्षण आणि संसंजन (कण एकमेकांना चिकटून राहण्याचा गुण) यांच्या बळावर. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलाँ यांनी १७७६ मध्ये हा संबंध मांडला. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन अभियंते टेर्त्सागी यांनी त्यात रंध्रजलदाबाची भर घातली : मातीच्या पोकळ्यांत साचलेले पाणी कणांवरचा काही भार स्वतः पेलते, त्यामुळे कण एकमेकांवर कमी दाबले जातात व घर्षण घटते. पाण्याने माती जड होते म्हणून ती घसरते, हा रूढ समज त्यामुळे अपुरा ठरतो. वाळूसर मातीत पाणी झपाट्याने मुरते, म्हणून थोड्या वेळाचा मुसळधार पाऊसही तिला घसरण्यास पुरतो. चिकण मातीला बहुधा दिवसचे दिवस झड लागते. सैल माती सरकताना आकसते, आतले पाणी कोंडते आणि तिचा प्रवाह होतो. घट्ट माती सरकताना फुगते, पाण्याचा दाब उतरतो आणि घसरण पुष्कळदा मंदावते.

सह्याद्रीतील बेसाल्टच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे (बोल) आढळतात. सुके असताना घट्ट वाटणारे हे द्रव्य भिजले की बोटांत साबणासारखे निसटते, कारण त्यात फुगणारी मृद्‌खनिजे असतात. पट्ट्यांच्या उत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचा माथा दोन उद्रेकांच्या दरम्यान झिजून ते बनले. काही अभ्यासक ज्वालामुखी राखेकडे बोट दाखवतात. सर्वच पट्ट्यांना एकच उत्पत्ती लावणे धाडसाचे वाटते. उतारांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की अशा थरावर मुरलेले पाणी अडते. जांभ्याखालील चिकण थरही असेच वागतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीत त्याला ‘शेडी’ म्हणतात.

माळीणच्या कारणांत अतिवृष्टीबरोबर यंत्रांनी केलेले जमीन सपाटीकरणही सांगितले गेले. आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातील ‘पडकई’ ही भातखाचरे घडवण्याची जुनी रीत त्या वादात ओढली गेली. हाताने रचलेला बांध आणि यंत्राने कापलेला उतार यांत फरक करणे न्याय्य होय. पावसाने भिजलेला मुरमाचा जाड थर हे मूळ कारण मानणारे मत अधिक ग्राह्य दिसते.

उताराच्या माथ्यावर अर्धवर्तुळाकार भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही पूर्वचिन्हे होत. भेग चिकण मातीने ठासून बुजवल्यास आणि वरचे पाणी चर खणून वळवल्यास पाणी आत शिरणे कमी होते.