समुपदेशनाचा तास ‘बिघडलेल्या’ मुलांसाठी नसतो
ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय असल्याने ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मुंबईकरांच्या तोंडी बसली आणि शाळेतील समुपदेशनाचा तास म्हणजे ‘डोक्यात बिघाड’ असलेल्यांची निवड, असा समज खुद्द ठाणेकर पालकांतही रुजला. तो चुकीचा आहे. हा तास संपूर्ण वर्गासाठी असतो; त्यात निदान होत नाही, औषध तर नाहीच. समजा, सातवीच्या मुलांनी परीक्षेपूर्वी शरीरात काय होते ते निनावी चिठ्ठीवर लिहिले आणि दहा-बारा चिठ्ठ्यांत ‘पोटात गोळा येतो’ हेच निघाले, तर आपण एकटे नाही हे भाषणाविना कळते. मग श्वास संथ करणे, अभ्यासाचे लहान तुकडे पाडणे शिकवता येते.

‘यात अभ्यासाचा वेळ वाया जातो’ ही तक्रारही टिकत नाही. भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या, म्हणजे भावना ओळखणे, सांभाळणे आणि इतरांशी जुळवून घेणे शिकवणाऱ्या, २१३ शालेय उपक्रमांचा आणि सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात या उपक्रमांतील मुलांची शैक्षणिक कामगिरी इतरांच्या तुलनेत सरासरी ११ शततमकांनी (पर्सेंटाइल, म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीतील स्थान) उंचावलेली आढळली. (बहुतेक उपक्रम अमेरिकेतील होते, हेही सांगायला हवे.) एखाद्या मुलाला खरोखर उपचार हवे असतील, तर समुपदेशक पालकांशी बोलून त्याला तज्ज्ञांकडे पाठवतात.