सोनोग्राफी नॉर्मल आली, पण पॅप स्मिअर केली का?

"माझी पिशवीची तपासणी झालीय, सगळं नॉर्मल आहे." कॉलेज रोडवरचा फ्लॅट असो की निफाडची द्राक्षबाग, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय काढला की हे उत्तर ऐकू येतं. जरा खोदून विचारलं तर झालेली असते सोनोग्राफी.

सोनोग्राफीत गर्भाशयातली गाठ, अस्तराची जाडी, बीजकोषातली पाण्याची गाठ दिसते. कर्करोगाच्या कितीतरी आधी पिशवीच्या तोंडाच्या पेशी बदलू लागतात, ते मात्र तिथे दिसत नाही. त्यासाठी पॅप स्मिअर. आतून तपासणी करताना छोट्या ब्रशने पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाच मिनिटांचं काम, भूल नाही, टाके नाहीत. फक्त पाळीचे दिवस टाळायचे. एचपीव्ही चाचणीचा नमुनाही तिथलाच, पण ती या कर्करोगामागचा विषाणू शोधते. विषाणू शिरल्यापासून कर्करोग व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात, म्हणून तर तपासणीला अर्थ आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुरावा आपल्याच राज्यातला आहे!

तरी बायका सोनोग्राफीलाच का जातात? पोटात दुखतं, डॉक्टर चिठ्ठी देतात, घरच्यांना कारण सांगता येतं. पॅपला जायचं ते काहीच दुखत नसताना. "त्रास नाही तर कशाला?" या सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? त्यात आतून तपासणीची लाज, पुरुष डॉक्टर असेल ही धास्ती, आणि छाटणीच्या दिवसांत बुडणारी मजुरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या २ टक्केही नव्हत्या. सगळा दोष बायकांच्या अज्ञानाला देणं मला पटत नाही. सोनोग्राफी लिहून देणाऱ्याने "पॅप कधी केली होती?" एवढं विचारलं, तरी पुष्कळ फरक पडेल.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी तपासणी धरली आहे. तिथे बहुधा पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते पाहतात. अंदाज लगेच कळतो. जवळच्या आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी करतात, ते आशाताईंना विचारा. पिशवी काढली असेल, तर तोंडही काढलंय का, हे ऑपरेशनच्या कागदावरून डॉक्टरांकडून समजून घ्या. तोंड ठेवलं असेल तर तपासणी करावीच लागते.