अंगीकृत वेगळं, मानांकित वेगळं

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. गाव अहमदपूर तालुक्यातलं; लातूरला न्यावं की नांदेडला, यावर घरात खल चाललेला. चुलतभाऊ म्हणाला, "बोर्ड लावलाय की तिथं. सरकारमान्य हाय, चांगलाच असल दवाखाना." कार्ड चाललं, ऑपरेशन फुकट झालं, हाडही नीट बसलं. पण आठव्या दिवशी पाठीला जखम दिसली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं आम्हालाही सुचलं नाही.

'सरकारमान्य' या शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक अंगीकृत, दुसरी मानांकित.

अंगीकृत म्हणजे सरकारच्या आरोग्य योजनेशी करार झालेला दवाखाना. खाटा, डॉक्टर, चोवीस तास नर्स, शस्त्रक्रियागृह अशा किमान अटी पाहून हा करार होतो. बिल कोण भरणार, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. वय आधारवरचं धरतात. (आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जून किंवा १ जानेवारी, तो भाग वेगळा.) राज्याच्या महात्मा फुले योजनेची पाटीही याच जातीची. नांदेड तर त्या योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होतं, २०१२ साली, राजीव गांधी जीवनदायी या नावानं.

यात एक मेख आहे. करार विशेषोपचारानुसार असतो. पाटी असलेला दवाखाना हृदयासाठी अंगीकृत असेल आणि हाडांसाठी नसेलही. म्हणून गाडी ठरवण्याआधी महात्मा फुले योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करून नेमका आजार सांगावा.

मानांकित म्हणजे उपचाराची पद्धत बाहेरच्या तपासनिसांनी येऊन पाहिलेला दवाखाना. खासगीत मुख्यतः एनएबीएच (दवाखान्यांना मानांकन देणारं राष्ट्रीय मंडळ), सरकारी दवाखान्यांना एनक्यूएएस (सरकारचे राष्ट्रीय गुणवत्ता निकष). एनक्यूएएसमध्ये रुग्णाचे हक्क, जंतुसंसर्ग, प्रत्यक्ष उपचार अशा आठ अंगांनी गुण देतात. किमान ७० टक्के लागतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. एनएबीएचच्या निकषांत वृद्धांसारख्या नाजूक रुग्णांची काळजी वेगळी नोंदलेली आहे: पडण्याचा धोका, पडून राहून होणाऱ्या जखमा वगैरे. आत्याच्या बाबतीत नेमकं हेच हवं होतं.

दोन्हींची गाठ पैशापाशी पडते. केंद्राच्या योजनेत एनएबीएचची प्रवेश पातळी (मानांकनाची पहिली पायरी) असलेल्या दवाखान्याला पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या, दरावर १० टक्के आणि पूर्ण मानांकन असलेल्याला १५ टक्के जादा देण्याची तरतूद आहे. कल्पना चांगली. पण मानांकन न घेताही करार होतो, आणि आपल्या तालुक्यांच्या गावी बहुतेकदा तेवढंच असतं. शिवाय तपासनीस येतात तेव्हाचा वॉर्ड आणि रात्री दोन वाजताचा वॉर्ड यांत फरक पडतो, हे मी कागद बघून नाही, खुर्चीवर बसून रात्र काढून सांगतोय.

म्हणून पाटीखाली उभं राहून आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला) 'कार्ड चालतं का' एवढंच विचारू नका. रात्री वॉर्डात किती नर्स असतात? ऑपरेशननंतर कितव्या दिवशी उभं करतात, व्यायाम करून घेणारं कुणी आहे का? बीपी-शुगरच्या आधीच्या गोळ्या कोण बघतं? म्हातारं माणूस रात्री बरळायला लागलं तर 'वयामुळं होतं' म्हणून सोडून देतात, की संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम तपासतात? या प्रश्नांवर जिथं कपाळाला आठ्या पडतात, तिथं मानांकनाची चौकट भिंतीवर असली तरी मी सावध राहीन.

आणखी एक गोष्ट सुट्टी मिळण्याआधी विचारायची. केंद्राच्या पॅकेजमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरच्या १५ दिवसांची औषधं धरलेली असतात. नुसत्या ओपीडीच्या तपासणीला कार्ड चालत नाही. आत्याच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग तीन महिने चाललं; त्याचा खर्च घरातूनच झाला.