कोकोपीट आणि गांडूळखत: बी नेमके कशात पेरावे?

घरच्या बागेसाठी सामान आणले की त्यात दोन पिशव्या हमखास असतात, एक कोकोपीटची आणि एक गांडूळखताची. दोन्ही पदार्थ तपकिरी, भुसभुशीत आणि हाताला मऊ असतात. लेबल निघून गेले तर कोणते कोणते हे नवख्याला ओळखता येत नाही, आणि बोलताना तर दोन्हींना सरसकट ‘खत’च म्हटले जाते. मोठ्या झाडाच्या कुंडीत ही गफलत काही काळ खपून जाते. बी पेरताना मात्र ती आठ-दहा दिवसांत उघडी पडते, कारण बी रुजायला जे लागते आणि रोप वाढायला जे लागते, त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

कोकोपीट हे खत नव्हे. नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना धाग्यांच्या मधला जो भुसा गळतो, तेच धुऊन, वाळवून आणि दाबून विटेच्या रूपात विकले जाते. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर असल्यामुळे ते फार सावकाश कुजते. झाडाच्या पोषकांपैकी पालाश (पोटॅशियम) थोडाफार असतो, पण नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नसतेच. त्याचा खरा गुण असा, की ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि तरीही कणांमध्ये हवा खेळती राहते. रुजणाऱ्या बियाला पाणी, हवा आणि ऊब एवढेच हवे असते, कारण पहिल्या काही दिवसांची शिदोरी ते बीजदलांत किंवा त्यांच्या भोवती बांधूनच आलेले असते. नाशिक-नारायणगाव भागातल्या रोपवाटिकांत टोमॅटोची रोपे 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर तयार केली जातात, ती याच कारणाने.

गांडूळखताची गोष्ट उलटी आहे. अर्धवट कुजलेले शेण आणि पालापाचोळा गांडुळांच्या पोटातून गेल्यावर जी विष्ठा उरते ते गांडूळखत, आणि त्यात नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश यांच्याबरोबर उपयुक्त सूक्ष्मजीवही असतात. हे झाडाचे जेवण झाले. पण नुसत्या गांडूळखतात बी पेरले तर त्यातले विद्राव्य क्षार कोवळ्या मुळाला सोसत नाहीत, आणि दोन-चार वेळा पाणी घातल्यावर ते बसून घट्ट होते, त्यामुळे मुळाशी हवा पोहोचत नाही. आणखी एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. गांडुळांना उष्णता मानवत नसल्यामुळे हे खत गरम होऊ दिले जात नाही, म्हणून त्यात आलेले तणाचे किंवा भाजीचे बी मरत नाही. मी एकदा मिरचीचे बी निव्वळ गांडूळखतात पेरले आणि आठवड्याने उगवलेली रोपे कौतुकाने जपली. पाने कातरलेली निघाली तेव्हा ते टोमॅटो असल्याचे कळले.

पिशव्यांची अदलाबदल झाली असेल तर एक वाटी पुरे. कोरडे, सुटे कोकोपीट वाटीभर घेतले तरी वाटी रिकामीच वाटते, तर गांडूळखताची वाटी कितीतरी पटींनी जड लागते. पाण्यात टाकल्यावर कोरडे कोकोपीट आधी तरंगते, आणि गांडूळखताचे बरेचसे कण लगेच तळाशी बसून पाणी काळपट होते.

वापरण्यापूर्वीची तयारीही दोन्हींची वेगळी आहे. कोकोपीटमध्ये दोष असतो तो मिठाचा, कारण पुष्कळ ठिकाणी सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात भिजवलेली असतात. वीट बादलीत भिजवून पूर्ण फुलू द्यावी, फडक्यात पिळावी आणि पाण्याचा गडद चहासारखा रंग फिका होईपर्यंत दोन-तीनदा धुवावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि जेमतेम एक-दोन थेंब गळावेत, इतकाच ओलावा पेरणीच्या वेळी ठेवावा.

गांडूळखतात मात्र पाहायचे ते ते पुरते तयार आहे की नाही. गहू चाळायच्या चाळणीतून ते चाळून घ्यावे आणि मूठभर ओले करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवावे. पिशवी उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, नाकाला झोंबला किंवा कुजका आला तर ते खत अजून मुरू द्यावे. याहून भरवशाची परीक्षा आळिवाची. एका वाटीत हे खत आणि दुसरीत साधी माती घेऊन दोन्हींत वीस-वीस आळीव पेरावेत. कच्च्या खताचा त्रास आळिवावर फार लवकर दिसतो, म्हणूनच खताच्या तपासणीत तो वापरला जातो. चार-पाच दिवसांत खताच्या वाटीत निम्मेच उगवले किंवा मुळांची टोके तपकिरी पडली, तर खताला दोष द्यावा, बियाला नव्हे.

पेरणीसाठी मी तीन भाग ओले कोकोपीट आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घेतो. हे भाग वाटीने मोजायचे, वजनाने नव्हे. एक हलके आणि दुसरे जड असल्यामुळे काट्यावर मोजले तर सगळे प्रमाणच बिघडते. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. कोकोपीटचा वरचा थर सुकलेला दिसला तरी आत ओल असते, आणि नुसता रंग पाहून पाणी घालत राहिल्यास रोपे बुडाशी नरम होऊन कोलमडतात. त्यामुळे बोट खुपसून पाहावे आणि शक्यतो ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवावा.

याच्या उलट चूक म्हणजे रोप पुढेही नुसत्या कोकोपीटमध्येच ठेवणे. शिदोरी संपली की खरी पाने फिकट पिवळी पडतात आणि लोक रोग समजून फवारणीच्या मागे लागतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांची खऱ्या पानांची दुसरी जोडी दिसली की गांडूळखत वाढवावे आणि कुंडीत लावताना माती, कोकोपीट व गांडूळखत समसमान घ्यावे. भोपळा, दोडका, काकडी यांचे बी मोठे आणि शिदोरीही मोठी, त्यामुळे ते सरळ कुंडीतच पेरले तरी चालते.

घरी डब्यात ओला कचरा जिरवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. त्या डब्यात दर थरावर टाकायची जी तपकिरी पूड मिळते, ती पुष्कळदा कोकोपीटच असते आणि दोन महिन्यांनी कचरा कुजला तरी ती बरीचशी तशीच उरते. अशा डब्यातले ‘खत’ मुळातच मिश्रण असते. त्यात पेरणीसाठी आणखी तीन भाग कोकोपीट घातले तर रोपाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही, म्हणून तेथे मी एकास एक घेतो, तेही आळिवाची वाटी पाहिल्यावरच.