बुडालेल्या युद्धनौकांवरील पूर्वजांचा शोध (खानदेश)

युद्धकाळात बुडालेल्या नौकांवर नोकरीस असलेल्या आणि समुद्रातच मरण पावलेल्या नातलगांची माहिती कागदपत्रे, स्मारके व घरच्या आठवणी यांवरून जुळवण्याचे काम. खानदेश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे, हा तापी-गिरणेच्या खोऱ्यातला मुलूख आहे. इथून समुद्र लांब. कोकणात बंदरालगतच्या घरांना जहाजाचे, कंपनीचे, सारंगाचे (खलाशांच्या मुकादमाचे) नाव ठाऊक असण्याची शक्यता असते. खानदेशात बहुधा ‘मुंबईला गेला, बोटीवर लागला, परत आला नाही’ एवढेच सांगितले जाते. म्हणून इथल्या माणसाने हा शोध गावच्या दप्तरापासून सुरू करावा आणि मग मुंबईकडे वळावे, हे बरे.

‘बोटीवर होता’ या एका वाक्यात तीन वेगळ्या नोकऱ्या दडलेल्या असू शकतात : नौदलातला नौसैनिक, व्यापारी जहाजावरचा खलाशी, किंवा सैन्यवाहू जहाजातून परमुलखी निघालेला पलटणीतला शिपाई. तिघांचे कागद तीन ठिकाणी असतात. हा प्रश्न आधी न सोडवल्यामुळे बरेच शोध भरकटतात. जहाजाच्या नावाआधीची अक्षरे इथे उपयोगी पडतात. रॉयल इंडियन मरीन हे दल 2 ऑक्टोबर 1934 रोजी रॉयल इंडियन नेव्ही झाले. त्याच्या जहाजांपुढे ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागे. 26 जानेवारी 1950 पासून ‘आयएनएस’ आले. नुसते ‘एसएस’ (स्टीमशिप) असेल तर ते व्यापारी जहाज. सैन्य वाहून नेण्यासाठीही व्यापारी जहाजेच घेतली जात. 26 नोव्हेंबर 1943 रोजी अल्जीरियाजवळ जर्मन विमानाने सोडलेल्या दूरनियंत्रित बॉम्बने ‘रोहना’ हे असेच सैन्यवाहू जहाज बुडाले. त्यातले सैनिक मुख्यतः अमेरिकन होते, पण बुडालेल्या खलाशांत हिंदी माणसे मोठ्या संख्येने होती. अशा जहाजावरचा खलाशी नौदलाच्या कोणत्याच यादीत सापडणार नाही.

पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, थडगे नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या निवासगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी दगडी भिंतीऐवजी नामावलीचे ग्रंथ केले गेले. एक प्रत मुंबईत आणि तशीच दुसरी चितगावच्या युद्धस्मशानभूमीत ठेवली आहे. तीत रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार लोक आहेत. या आकड्यांतला फरकच सांगतो की नौदलाची यादी पाहून हात टेकणे घाईचे ठरेल. दोन्ही स्मारकांची नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. काही नोंदींत वडिलांचे व गावाचे नावही असते, त्यामुळे नावाबरोबर जिल्ह्याचे नाव घालूनही शोधावे. आयोग ज्या काळातले मृत्यू धरतो त्याची मुदत 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 अशी आहे. व्यापारी खलाशी शत्रूच्या कारवाईमुळे गेला असेल तरच त्याचे नाव घेतले जाते. व्यापारी जहाजावर तापाने वारलेला माणूस तिथे मिळत नाही. याचा अर्थ तो बोटीवर नव्हता, असा मात्र होत नाही.

स्वातंत्र्यानंतर युद्धात बुडालेली भारताची मोठी युद्धनौका म्हणजे आयएनएस खुकरी. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिला बुडवले. 18 अधिकारी व 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवला खुकरीचे स्मारक आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात (उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019) मृतांची नावे कोरली आहेत. या नौकेवरचे साठाहून अधिक जण वाचले, हेही ध्यानात ठेवावे. नौका बुडाली म्हणजे तिच्यावर कधीकाळी नोकरी केलेला प्रत्येकजण तिच्याबरोबर गेला, असे घरोघर धरले जाते. बदली, रजा आणि बचाव या तिन्ही शक्यता आधी तपासाव्या लागतात. नौसैनिकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या नौसैनिक कार्यालयात, म्हणजे ब्युरो ऑफ सेलर्समध्ये, सांभाळल्या जातात. वारसाने सेवाक्रमांकासह अर्ज केल्यास काम सोपे होते. क्रमांक ठाऊक नसेल तर तो निवृत्तिवेतनाच्या पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशावर, असतो. पदकाच्या कडेवरही बारीक अक्षरांत क्रमांक आणि नाव कोरलेले सापडते. आजीच्या पेटीतले पदक पॉलिश करायला देण्याआधी त्याची कड भिंगाखाली पाहावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीरपत्नींच्या नोंदी असतात आणि अर्ज कसा लिहायचा हेही तिथले लोक सांगतात.

गावच्या दप्तरात सर्वांत बोलका कागद जमिनीचा. समुद्रात गेलेल्या माणसाची मृत्यूनोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, बहुधा नसते, कारण मरण गावाच्या शिवेबाहेर घडलेले. पण त्याच्या नावे दोन बिघे जरी असले तरी कधीतरी वारस लागावेच लागतात. गाव नमुना 6-क ही वारसांची नोंदवही आणि तिच्याआधारे झालेला फेरफार यांत मृत्यूची तारीख, विधवेचे व मुलांचे नाव, कधी ‘लढाईत मयत’ असा शेराही मिळू शकतो. प्रेत नाही, दाखला नाही, अशा वेळी प्रकरण वर्षानुवर्षे अडकत असे. ज्या माणसाची सात वर्षे काही खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर, असा नियम 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होता. म्हणून फेरफाराची तारीख जहाज बुडाल्यानंतर सात-आठ वर्षांची निघाली तर दचकू नये. सातबाऱ्यावरून मागे जात तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षापर्यंत हा माग काढता येतो. जुन्या नोंदी मोडीत असतात. धुळ्यात 1927 साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. मोडी वाचणाऱ्यांची चौकशी अशा ठिकाणी करावी. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर जन्मतारीख आणि पूर्ण नाव देते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावलीत व भाटांच्या वह्यांत पिढ्या लागतात, पण तिथे नोकरीचा उल्लेख मिळेल अशी आशा धरू नये.

नावांचा गुंता मोठा आहे. इंग्रजी नोंदीत माणसाचे आणि बापाचे नाव, एवढेच असू शकते. ‘पाटील’ कुठे आडनाव म्हणून येते, कुठे गळून जाते. घरात सगळे ज्याला ‘आबा’ म्हणत त्याचे कागदावरचे नाव नातवंडांना माहीत नसते. गावांचेही तसेच : बुद्रुक आणि खुर्द यांतला फरक इंग्रजी कारकुनाने टिपलेला असेलच असे नाही, आणि पिंपरी-पिंपळगावे तर तालुक्यातालुक्यांत आहेत. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. त्यामुळे दोन्ही महायुद्धांच्या नोंदींत ‘जळगाव जिल्हा’ शोधून उपयोग नाही, ‘पूर्व खानदेश’ पाहावे लागते. धुळ्याचे स्पेलिंग ‘धुलिया’ असे येते. मुक्ताईनगर त्या काळी एदलाबाद होते, धरणगाव एरंडोल तालुक्यात होते, आणि नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 चा.

घरातल्या बायकांना जे माहीत असते ते कोणत्याच कचेरीत नसते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पितरांसाठी घागर भरतात, आगारी टाकतात (विस्तवावर नैवेद्य वाहतात). त्या वेळी कोणाकोणाची नावे घेतली जातात, कोणाचे नाव घेताना आवाज जड होतो, हे मोठ्या आईला, काकूला विचारावे आणि लगेच लिहून ठेवावे. प्रेत न मिळालेल्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करण्याची रीत आहे. तो कोणत्या साली, कोणी केला हे आठवत असेल तर मृत्यू घरी कधी मानला गेला ते कळते. श्राद्धाच्या तिथीवरून पंचांगाने तारीख काढता येते. मात्र ती तिथी जहाज बुडाल्याची असेल किंवा तार हाती पडल्याची, आणि या दोहोंत कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानू नये. नाव, बापाचे नाव, गाव आणि काळ या चारांपैकी निदान तीन गोष्टी स्वतंत्र कागदांवर जुळल्या, तरच नाते धरावे. दुसऱ्याच्या घरचा मेलेला माणूस आपल्या वंशावळीत ओढून घेणे हा त्या घरावर अन्याय आहे. नाते पक्के झाल्यावर आयोगाच्या नोंदीत नावाची किंवा गावाची चूक दिसली, तर कागदांच्या प्रती जोडून दुरुस्ती सुचवता येते. त्यासाठी 6-क चा उतारा, शाळेचा दाखला आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे.