आडरानातील आपत्कालीन उपचार प्रशिक्षण

रुग्णालय किंवा रुग्णवाहिका तासाभरात गाठता येणार नाही अशा ठिकाणी जखमीला सांभाळण्याचे शिक्षण. स्कीच्या उतारांवर गस्त घालणारे, गिर्यारोहणाचे मार्गदर्शक आणि बचाव पथकांतले स्वयंसेवक ते घेतात. इंदूरकर मराठी माणसाला यातले स्की परके वाटेल. पण व्याख्येत बर्फ नाही, अंतर आहे, आणि तेही वेळेत मोजलेले. पाताळपाणी इंदूरपासून जेमतेम पस्तीस किलोमीटर. तिथे धबधब्याच्या तळाशी पाय मोडला, तर शेवाळलेल्या वाटेने माणसाला उचलून वर आणण्यातच तो तास संपतो.

या शिक्षणाचे एक मूळ स्कीच्याच अपघातात आहे. १९३६ साली अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये स्टो येथे चार्ल्स मायनट डोल यांचा घोटा मोडला आणि मदत येईपर्यंत ते बराच वेळ बर्फात पडून राहिले. पुढे १९३८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल स्की पॅट्रोल’ उभी राहिली. गस्तीवाला जखमीला घसरगाडीत बांधून उतारावरून खाली आणतो. हिमस्खलनात गाडलेल्याला १० ते १५ मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरलेली असते. म्हणून संदेशयंत्र (गाडलेल्याची जागा कळवणारे), शोधकाठी (बर्फात खुपसून पाहायची) आणि फावडे प्रत्येकाच्या अंगावरच हवे. तळावर ठेवलेल्या फावड्याचा उपयोग नाही.

प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे १६ तासांचा, म्हणजे शनिवार-रविवारचा. प्रगत अभ्यासक्रम ७० ते ८० तासांचा असतो. शहरी प्रथमोपचारात ‘हात लावू नका, रुग्णवाहिका येऊ द्या’ हे बहुतेक वेळा बरोबर असते. इथे गाडी यायचीच नसते. त्यामुळे वाकडा झालेला अवयव हळूहळू ओढून सरळ करणे, जखम स्वच्छ पाण्याच्या धारेने धुणे, काही परिस्थितींत निखळलेला खांदा बसवणे हेही प्रगत वर्गात शिकवतात. बांधायला फळ्या नसतात. मग छत्री, गुंडाळलेली सतरंजी, ओढणी. बांधून झाल्यावर त्या हाताचे किंवा पायाचे नख दाबून सोडायचे. साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, तर पट्टी आवळली गेली आहे. सोडून पुन्हा बांधायची. नाडी, श्वास आणि शुद्ध ठरावीक वेळाने तपासून वेळेसकट लिहून ठेवायची. हा कागद जखमीबरोबर रुग्णालयात जातो आणि डॉक्टरांच्या कामी येतो.

गारठ्याचा धडा माळव्यात अनावश्यक वाटतो, पण तसा तो नाही. जानापावच्या टेकडीवर श्रावणात चिंब भिजून तासभर निपचित पडलेला माणूस वाऱ्याने गारठतोच. ओले कपडे काढायचे, खाली जमिनीचा गारवा तोडणारे काहीतरी घालायचे, वरून कोरडे पांघरूण आणि त्याभोवती प्लास्टिक गुंडाळायचे. हिमदंश झालेला, म्हणजे थंडीने गोठलेला, भाग बर्फाने चोळायचा नाही, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचाही नाही.

मात्र वर्गातला पहिला धडा जखमीचा नसतो, जागेचा असतो: आपण आत जावे का? जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला वरून अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेले एक कुटुंब वाहून गेले. पाणी गढूळ होणे, त्यात काटक्या-पाचोळा वाहून येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे या खुणा ओळखायला शिकवतात. त्या दिसल्या की आत उतरायचे नाही. दोर काठावरूनच फेकायचा किंवा लांब काठी पुढे करायची.

उत्तराखंडमध्ये उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्थेत (स्थापना १९६५) शोध व बचावाचाही अभ्यासक्रम आहे. गुलमर्ग व औली ही भारतातील स्कीची प्रमुख ठिकाणे.

माळव्यासाठी सर्पदंशाचा भाग सर्वांत कामाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच बहुगुणी प्रतिविष चालते. ते रुग्णालयातच मिळते. तोवर दंश झालेला अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यायचे. आवळपट्टी, ब्लेडने चिरा, तोंडाने विष ओढणे यांतले काहीही नाही. उचलून नेण्याचा सराव वर्गात होतो. ‘अहो, दोरी तरी आवळा’ म्हणणाऱ्या काकांना थोपवण्याचा सराव कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो.