सेलिश क्सांका क्लिस्पे धरण

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात फ्लॅटहेड नदीवर, पोल्सन गावाच्या खालच्या अंगाला असलेले काँक्रीटचे कमानी धरण. पूर्वीचे नाव केर धरण. वीजक्षमता सुमारे 200 मेगावॉट, जनित्रे 3. 5 सप्टेंबर 2015 पासून ते सेलिश आणि कूटनाय जमातींच्या संघाच्या मालकीचे आहे. एवढा मोठा जलविद्युत प्रकल्प पूर्णपणे एका आदिवासी राष्ट्राच्या हाती येण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ.

धरण 1938 मध्ये बांधून झाले. जमीन जमातींची, अमेरिकी सरकारशी झालेल्या 1855 च्या हेलगेट करारात त्यांनी स्वतःकडे राखलेली. वीज मात्र धरण चालवणाऱ्या वीजकंपनीची, आणि जमातींच्या वाट्याला वार्षिक भाडे. कंपनीबरोबरच्या 1985 च्या संयुक्त परवान्यात जमातींनी 30 वर्षांनंतर धरण विकत घेण्याचा हक्क लिहून घेतला. पुढचे सारे त्या एका कलमामुळे घडले. किमतीवरून वाद झाला तेव्हा 2014 मध्ये लवादाने सुमारे 1 कोटी 83 लाख डॉलर ठरवले. मालकी आली तसे भाडे थांबले. आता उत्पन्न पाऊसपाणी आणि वीजबाजारातील दर यांवर अवलंबून आहे. कारभार जमातींचीच ‘एनर्जी कीपर्स’ ही कंपनी पाहते.

धरणाच्या वरच्या अंगाचे फ्लॅटहेड सरोवर मूळचे नैसर्गिक. धरणाच्या ताब्यात त्याचे फक्त वरचे 10 फूट पाणी आहे, पण सरोवर एवढे विस्तीर्ण की हा साठा सुमारे 53 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या निम्मा, भरतो. पूर सामावून घेण्यासाठी 15 एप्रिलपर्यंत पातळी समुद्रसपाटीपासून 2,883 फुटांवर उतरवायची, बर्फ वितळू लागले की भरत नेऊन 15 जूनच्या सुमारास 2,893 वर आणायची, असा क्रम आहे. पूर्वी विजेच्या मागणीनुसार विसर्ग दिवसातून अनेकदा वरखाली होई. त्याने खालचे काठ ढासळत आणि उथळ पाण्यातील मासे कोरडे पडत. 1997 पासून विसर्ग स्थिर ठेवावा लागतो, किमान 3,200 क्युसेक.

2023 मध्ये बर्फ लवकर वितळले. आवक आटली, किमान विसर्ग मात्र सोडावाच लागला, आणि ऐन उन्हाळ्यात सरोवर 2 फुटांहून अधिक खाली गेले.

जमातींना पाण्याचा हक्क वेगळ्या कराराने मिळाला. तो 2015 मध्ये राज्याने, 2020 मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केला; 2021 पासून तो लागू आहे. आपल्या राखीव भूमीबाहेरच्या पाण्यावरचे बहुतेक दावे सोडण्याच्या बदल्यात जमातींना सुमारे 190 कोटी डॉलर मिळायचे आहेत. त्यातला मोठा भाग गळक्या सिंचन कालव्यांच्या दुरुस्तीसाठी आहे, कारण कालव्यात वाचलेले पाणीच ओढ्यांत राहू शकते.